ग्रे कपचं पूर्वपरीक्षण: ऑफेन्स विरुद्ध डिफेन्स कसं मांडायचं

ग्रे कप म्हणजे कॅनडियन फुटबॉल लीगचा अंतिम सामना. त्याआधी येणारी बहुतेक पूर्वपरीक्षणं एकाच साच्यातली असतात. एका बाजूला सर्वाधिक गुण करणारा ऑफेन्स (चेंडू पुढे नेणारा गट), दुसऱ्या बाजूला सर्वांत कमी गुण देणारा डिफेन्स (त्याला अडवणारा गट), मध्ये दोघांचे सामन्यामागचे सरासरी यार्ड आणि शेवटी भाकीत. त्यातून सामना कसा उलगडेल हे कळत नाही. कॅनडियन खेळात 10 यार्ड पुढे जायला डाऊन, म्हणजे प्रयत्न, तीनच असतात; तेवढे यार्ड मिळाले की पुन्हा पहिला डाऊन. तिसऱ्यावर बहुतेक वेळा पंट (लाथेने चेंडू समोरच्या संघाकडे दूर पाठवणं) किंवा फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलपोस्टमधून मारणं) होतो. म्हणजे 10 यार्ड काढायला खरे प्रयत्न दोनच. म्हणून सगळी मांडणी एका प्रश्नाभोवती करा: पहिल्या डाऊननंतर किती यार्ड उरतात, आणि दुसऱ्या डाऊनवर ते कोण काढतं किंवा कोण अडवतं? बाकीचे आकडे या प्रश्नाचं उत्तर पक्कं करण्यापुरतेच वापरा.

आधी मैदान समजून घ्या

एनएफएल (अमेरिकेतली फुटबॉल लीग) पाहून तयार झालेले ठोकताळे इथे चुकतात. मैदान 110 यार्ड लांब आणि 65 यार्ड रुंद, प्रत्येक बाजूला 12 खेळाडू. ऑफेन्सची नेहमीची रचना म्हणजे एक क्वार्टरबॅक (पास टाकणारा), एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा), पाच लाइनमन (पुढच्या रांगेत समोरच्यांना रोखणारे) आणि पाच रिसीव्हर (पास झेलणारे). समोर चार डिफेन्सिव्ह लाइनमन, तीन लाइनबॅकर, दोन कॉर्नरबॅक, दोन हाफबॅक आणि एक सेफ्टी. गोलपोस्ट गोलरेषेवरच उभे असतात, त्यामुळे गोलजवळ आल्यावर मधल्या पट्ट्यातले पास अडतात. 2027 पासून मैदान 100 यार्डांचं होणार आहे आणि गोलपोस्ट एंड झोनच्या (गोलरेषेपलीकडच्या पट्ट्याच्या) मागच्या रेषेवर जाणार आहेत. त्यानंतर गोलजवळचे जुने आकडे नव्या सामन्यांना लावताना जपून राहावं लागेल.

स्नॅपच्या, म्हणजे चेंडू खेळात येण्याच्या, वेळी डिफेन्सची लाइन चेंडूपासून एक यार्ड मागे असते. एवढ्या जागेमुळे 1 यार्ड हवा असताना ऑफेन्सला मोठा फायदा मिळतो, आणि तिसरा डाऊन, 1 यार्ड अशी वेळ आली की संघ सहसा पंट करत नाहीत. राखीव क्वार्टरबॅकला आत आणतात आणि सरळ घुसतात. हा डाव जवळजवळ हमखास जमतो, पण अगदी हमखास नाही. 2025 च्या अंतिम सामन्यात मॉन्ट्रियलने चौथ्या क्वार्टरमध्ये सस्कॅचेवानच्या गोलरेषेसमोर असाच डाव टाकला, चेंडू निसटला आणि सामना 25-17 असा सस्कॅचेवानकडे गेला. तेव्हा हे काम कोण करतो, त्याच्या हातून चेंडू किती वेळा निसटलाय आणि समोरच्या लाइनच्या मध्यभागी कोण उभा राहतो, हे नोंदवून ठेवा.

रिसीव्हर स्नॅपच्या आधी धावत लाइनकडे येऊ शकतात. चेंडू सुटतो तेव्हा आतले रिसीव्हर वेगात असतात, आणि समोरच्या हाफबॅकला आधीपासूनच अंतर राखून उभं राहावं लागतं. त्या अंतरामुळे 5-6 यार्डांचा छोटा पास जवळपास नेहमी मोकळा असतो. तो पास पडला म्हणून डिफेन्स वाईट ठरत नाही. झेल घेतल्यावर रिसीव्हरला तिथेच पाडलं का, हे पाहा. झेलानंतरचे यार्ड आणि चुकलेले टॅकल हे दोन आकडे मिळाले तर पासच्या टक्केवारीपेक्षा त्यांनाच जास्त वजन द्या.

हॅशच्या खुणाही लक्षात घ्या; प्रत्येक डावाआधी चेंडू त्यांच्यावर किंवा त्यांच्यामध्ये ठेवतात. 2022 मध्ये त्या आत सरकवल्या आणि दोन हॅशमधलं अंतर 17 वरून 9 यार्डांवर आलं. आता हॅशवरून जवळची साइडलाइन 28 यार्डांवर आणि लांबची 37 यार्डांवर असते. रुंद बाजूला बाहेरचा पास टाकायचा तर चेंडू हवेत बराच वेळ राहतो. ज्या क्वार्टरबॅकच्या हातात ती ताकद नाही, त्याच्यासमोर डिफेन्स सेफ्टीला अरुंद बाजूकडे झुकवतो आणि मैदान आपोआप छोटं होतं. 2022 च्या आधीची रुंद बाजूची आकडेवारी या हिशेबात मिसळू नका.

कोणते सामने धरायचे

नियमित मोसम 18 सामन्यांचा असतो, पण सगळे 18 एकाच तराजूत टाकले तर चित्र बिघडतं. नोव्हेंबरमध्ये मैदानात उतरणारा संघ जूनमधला नसतो. 2019 चा विनिपेग याचं उत्तम उदाहरण. मोसमाची सुरुवात क्वार्टरबॅक मॅट निकोल्सने केली, तो जखमी झाल्यावर ख्रिस स्ट्रेव्हलर खेळला, आणि झॅक कॉलारोस ऑक्टोबरमध्ये संघात आला. त्याने विनिपेगसाठी नियमित मोसमात एकच सामना खेळला आणि नंतर थेट प्लेऑफ (बाद फेरी). त्या संघाची मोसमभराची पासची सरासरी म्हणजे प्रामुख्याने दुसऱ्याच लोकांचं काम होतं. अंतिम सामन्यात समोर 15 विजय आणि 3 पराभव असा हॅमिल्टन. कागदावर एकतर्फी वाटणारा सामना विनिपेगने 33-12 असा जिंकला.

निवड अशी करा. शेवटचे 8 ते 9 नियमित सामने आणि प्लेऑफचे सामने घ्या. त्यातून असे सामने वगळा ज्यांत स्थान पक्कं झाल्यामुळे मुख्य क्वार्टरबॅकला विश्रांती दिली होती. मोसमाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत हे हटकून घडतं. मुख्य क्वार्टरबॅक मध्येच बदलला असेल तर बदलानंतरचेच सामने घ्या आणि नमुना छोटा आहे हे मजकुरात स्पष्ट लिहा. चौथ्या क्वार्टरमध्ये 17 किंवा जास्त गुणांची आघाडी असतानाचे प्लेही काढून टाका. त्या वेळी मागे असलेला संघ पासवर पास टाकतो, पुढचा संघ तो मुद्दाम देतो, आणि यार्डांचा फुगवटा दोन्ही बाजूंच्या नोंदीत शिरतो.

पूर्व आणि पश्चिम विभागातले संघ मोसमात एकमेकांशी थोडेच सामने खेळतात. आपसातला निकाल वाचकाला आवडतो म्हणून एका ओळीत द्या. त्यातला गुणफलक बाजूला ठेवून डाव मात्र जरूर पाहा: डिफेन्स कोणत्या रचनेत उभा राहिला आणि ऑफेन्सने त्याला काय उत्तर दिलं.

दुसऱ्या डाऊनचा तक्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. लीगच्या अधिकृत प्ले-बाय-प्ले नोंदीत प्रत्येक स्नॅपचा डाऊन, उरलेलं अंतर आणि निकाल असतो. एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये दोन्ही संघांचे दुसरे डाऊन तीन गटांत मोजा: 1 ते 3 यार्ड, 4 ते 6 यार्ड, 7 आणि पुढे. प्रत्येक गटात किती वेळा वेळ आली आणि किती वेळा नवा पहिला डाऊन मिळाला, एवढेच दोन रकाने. ऑफेन्सने काय केलं ते एका पानावर, समोरच्या डिफेन्सने काय करू दिलं ते दुसऱ्या पानावर. दंडामुळे मिळालेले पहिले डाऊन वेगळे लिहा. ते सरासरीत टाकले तर खरोखर भेदला जाणारा डिफेन्स आणि फक्त बेशिस्त डिफेन्स यांतला फरक पुसला जातो.

आता दोन पानं एकत्र आणायची. सोपी रीत अशी: ऑफेन्सचा आकडा अधिक डिफेन्सचा आकडा, त्यातून लीगची सरासरी वजा. समजावण्यापुरते आकडे घेऊ. ऑफेन्सच्या 100 दुसऱ्या डाऊनपैकी 52 लांबचे, म्हणजे 7 किंवा जास्त यार्डांचे. समोरचा डिफेन्स प्रतिस्पर्ध्यांना 100 पैकी 60 वेळा तिथे ढकलतो. लीगची सरासरी 54. अंदाज: 52 + 60 − 54 = 58. याच गटात ऑफेन्स 38 टक्के वेळा पहिला डाऊन मिळवतो, डिफेन्स 30 टक्के देतो, लीगची सरासरी 33. अंदाज: 38 + 30 − 33 = 35 टक्के.

या बेरजेतून दोन गोष्टी हाती येतात. या डिफेन्सचा जोर पहिल्या डाऊनवर आहे. तिथे तो ऑफेन्सला 52 वरून 58 वर नेतो. आणि दुसरं, फरक वाटतो त्यापेक्षा लहान आहे. सामन्यात दुसरा डाऊन समजा 30 वेळा आला, तर 6 टक्के म्हणजे जेमतेम दोन प्ले. पूर्ण मोसमात हा फरक पक्का दिसतो, पण एका संध्याकाळी एक घसरलेला पाय तो मिटवू शकतो. 2016 च्या अंतिम सामन्यात 15 विजय, 2 पराभव, 1 बरोबरी असलेल्या कॅल्गरीला 8 विजय, 9 पराभव, 1 बरोबरी असलेल्या ओटावाने ओव्हरटाइममध्ये 39-33 असं हरवलं. म्हणून पूर्वपरीक्षणात ‘चिरडून टाकेल’ असली क्रियापदं वापरू नका. आकडे त्यांना कधीच आधार देत नाहीत.

तक्ता भरल्यावर पहिल्या डाऊनवर काय चालतं ते शोधा. ऑफेन्स पहिल्या डाऊनवर धाव किती वेळा घेतो, आणि त्या धावांतल्या किती 5 यार्डांच्या पुढे जातात? सरासरीवर विसंबू नका. 40 यार्डांची एक धाव आणि 1-1 यार्डाच्या नऊ धावा मिळून सरासरी 4.9 येते आणि चांगली दिसते, पण त्या ऑफेन्सला दहापैकी नऊ वेळा दुसऱ्या डाऊनवर 9 यार्ड काढायचे असतात. 2019 च्या अंतिम सामन्यात विनिपेगच्या अँड्र्यू हॅरिसने 134 यार्ड धावून काढले. त्यामुळे नवख्या कॉलारोसला लांबच्या दुसऱ्या डाऊनवर फार वेळा अडकावं लागलं नाही. डिफेन्सने सामना जिंकला असं तेव्हा लिहिलं गेलं, आणि विली जेफरसनच्या लाइनचा खेळ तसा होताच. पण तो डिफेन्स ताजा राहिला तो या धावांमुळे.

दबावाचं गणित

लांबच्या दुसऱ्या डाऊनवर पास येणार हे सगळ्यांना माहीत असतं. ऑफेन्सकडे अडवायला पाच लाइनमन आणि रनिंग बॅक, असे सहा जण. डिफेन्सने चार पाठवले तर मागे आठ उरतात, पाच रिसीव्हरांसाठी भरपूर. तीन पाठवले तर मागे नऊ. सहा पाठवले तर समोरासमोर जोड्या लागतात, आणि सात पाठवले तर एकाला कोणीच अडवत नाही; क्वार्टरबॅकला चेंडू तत्काळ सोडावा लागतो. तेव्हा नुसती सॅकची (चेंडू सोडण्याआधी क्वार्टरबॅकला पाडण्याची) बेरीज देऊ नका. तोच दबाव चार जणांत आणणारा डिफेन्स सहा जणांत आणणाऱ्यापेक्षा कितीतरी धोकादायक असतो, कारण त्याने मागे काहीच गमावलेलं नसतं.

हे आकड्यांत नीट दिसत नाही, चित्रफीत पाहावी लागते. दोन्ही संघांच्या शेवटच्या दोन-दोन सामन्यांतले लांबचे दुसरे डाऊन निवडून पाहा. साधारण 20 पुरतात. प्रत्येकात चार नोंदी करा: किती जण क्वार्टरबॅककडे धावले, रिसीव्हर धावत जागा बदलताना समोरचा डिफेन्डर त्याच्याबरोबर गेला की त्याने तो शेजाऱ्याकडे सोपवला, चेंडू किती लवकर सुटला, आणि तो रुंद बाजूला गेला की अरुंद. डिफेन्डर सोबत गेला तर सहसा मॅन कव्हरेज (प्रत्येकाने एकेक रिसीव्हर धरणं), सोपवलं तर झोन (प्रत्येकाने मैदानाचा एकेक भाग राखणं). काही समन्वयक (डिफेन्सचे डाव आखणारे प्रशिक्षक) हे मुद्दाम फसवं ठेवतात, म्हणून स्नॅपनंतरचे दोन सेकंदही पाहा.

कमकुवत जागा शोधताना संघाची राष्ट्रीय घडण विसरू नका. सुरुवातीच्या खेळाडूंमध्ये किमान 7 कॅनडाचे असावे लागतात. बरेच संघ त्यांना ऑफेन्सिव्ह लाइनवर, सेफ्टीला, डिफेन्सिव्ह लाइनच्या आत किंवा एखाद्या रिसीव्हरच्या जागी खेळवतात. असा एक जण जखमी झाला की त्याच्या जागी सर्वोत्तम राखीव खेळाडू येईलच असं नाही. संख्या राखण्यासाठी दुसऱ्याच जागेवर बदल करावा लागतो. गार्ड जखमी झाला म्हणून रिसीव्हरांची जोडणी बदलते, ती यामुळे. दुखापतींची यादी वाचताना खेळाडूच्या नावासमोर तो कॅनडाचा आहे का हे लिहून ठेवा.

टर्नओव्हर

चेंडू गमावण्याचा फरक सामन्याचा निकाल सगळ्यात जास्त फिरवतो आणि आधी सांगायला सगळ्यात अवघड असतो. फंबल (समोरच्याच्या हातून निसटलेला चेंडू) कोण पाडतो हे कौशल्य आहे, पण जमिनीवरचा चेंडू कोणाला मिळतो हे बरंचसं नशीब. म्हणून परत मिळवलेल्या फंबलपेक्षा पाडलेले फंबल मोजा. इंटरसेप्शनमध्ये (समोरच्या संघाने पकडलेल्या पासांमध्ये) पाहा की ते दबावाखाली आले, मागे पडल्यावर घाईत आले, की साध्या चेंडूवर. पहिल्या प्रकारचे पुन्हा होण्याची शक्यता जास्त.

2024 मध्ये टोरंटोचा क्वार्टरबॅक चॅड केली पूर्व विभागाच्या अंतिम सामन्यात पाय मोडून बाहेर पडला आणि ग्रे कपमध्ये निक आर्बकल उतरला. बहुतेकांनी टोरंटोच्या ऑफेन्सची काळजी केली. सामन्यात मात्र विनिपेगच्या कॉलारोसच्या फेकणाऱ्या हाताच्या बोटाला जखम झाली, त्याचे चार पास टोरंटोने पकडले आणि सामना 41-24 असा संपला. आर्बकल सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशी जखम कोणी आधी सांगू शकत नाही. दोन्ही संघांचा दुसरा क्वार्टरबॅक कोण, त्याने मोसमात किती खरे स्नॅप खेळले, आणि तो आल्यावर डाव किती आखडतो, एवढं मात्र आधी लिहिता येतं. पूर्वपरीक्षणात यावर एक पूर्ण परिच्छेद खर्च करा.

लाथेचा खेळ

ऑफेन्स-डिफेन्सची तुलना म्हणून ही बाजू गाळू नका, कारण ऑफेन्स कुठून सुरू करणार हे इथेच ठरतं. पंट झेलणाऱ्याला हात वर करून चेंडू मृत करता येत नाही; त्याऐवजी पाठलाग करणाऱ्यांनी त्याच्यापासून 5 यार्ड दूर राहायचं असतं. म्हणून जवळपास प्रत्येक पंट परत धावत येतो. 2022 मध्ये विनिपेगच्या जॅनेरियन ग्रँटने पंट झेलून 102 यार्ड धावत टचडाउन केला (चेंडू गोलरेषेपलीकडे नेला), तरी टोरंटोने 24-23 ने कप नेला, कारण शेवटच्या मिनिटात रॉबी स्मिथने विनिपेगचा फील्ड गोल अडवला. दोन्ही डिफेन्सनी तो सामना कितीही चांगला खेळला असला तरी हिशेब लाथांनी मिटवला.

मोजायचं ते असं: प्रत्येक संघाचे ड्राइव्ह (चेंडू हाती आल्यापासून जाईपर्यंतच्या चढाया) सरासरी कोणत्या रेषेवरून सुरू होतात, आणि मग ड्राइव्हमागे किती गुण येतात. एकूण यार्ड देणं म्हणजे फलंदाजाच्या धावा सांगून चेंडू किती लागले ते न सांगणं. स्वतःच्या 50 च्या रेषेवरून सुरू करणारा ऑफेन्स कमी यार्डांत जास्त गुण करतो आणि यादीत उगाच खाली दिसतो. 2026 पासून रूझचे, म्हणजे लाथेवर मिळणाऱ्या एका गुणाचे, नियम बदलले आहेत: लाथ एंड झोनमधून थेट बाहेर गेली की मिळणारा गुण आता मिळत नाही. जुन्या सामन्यांतले गुण वापरत असाल तर ते एकेरी गुण वजा करून घ्या.

हवा आणि घड्याळ

सामना नोव्हेंबरच्या मध्यावर असतो. व्हँकुव्हरच्या बीसी प्लेसवर छप्पर आहे, तिथे हवामानाचा परिच्छेद लिहायचं कारण नाही. कॅल्गरीचं मॅकमाहन स्टेडियम उघडं आहे. उघड्या मैदानावर थंडीपेक्षा वाऱ्याकडे लक्ष द्या. थंडीत चेंडू कडक होतो आणि लाथ थोडी आखूड पडते एवढंच. वारा मात्र रुंद बाजूचा पास आणि 40 यार्डांपलीकडचे फील्ड गोल दोन्ही हिरावून घेतो. वाऱ्याची दिशा मैदानाच्या लांबीला समांतर असेल तर चौथ्या क्वार्टरमध्ये तो कोणाच्या पाठीशी राहील हे नाणेफेकीनंतर पाहायला हवं, असं वाचकाला सांगून ठेवा.

शेवटची 3 मिनिटं हा स्वतंत्र भाग आहे. दोन डाऊनमध्ये 10 यार्ड न मिळाले तर चेंडू परत द्यावा लागतो, त्यामुळे आघाडीवरच्या संघाला घड्याळ संपवणं कठीण जातं. 2023 च्या अंतिम सामन्यात मॉन्ट्रियल मागे होता. तिसऱ्या डाऊनवर 5 यार्ड हवे असताना त्यांनी पास पूर्ण केला आणि 13 सेकंद उरले असताना कोडी फहार्डोने टायसन फिलपॉटला 19 यार्डांचा टचडाउन पास दिला. निकाल 28-24. तेव्हा आघाडीवर असताना कोणता ऑफेन्स दुसऱ्या डाऊनवर पास टाकायला धजतो, याची नोंद तक्त्यात वेगळी ठेवा. 2026 पासून स्नॅपसाठी 20 सेकंदांऐवजी 35 सेकंदांचं घड्याळ आहे; आधीच्या मोसमांतली शेवटच्या मिनिटांची आकडेवारी त्याआधीच्या घड्याळावरची आहे, ती नव्या सामन्याला सरळ लावता येत नाही.

लिहिताना

पहिल्या परिच्छेदात एकच दावा करा आणि त्याला अट जोडा. उदाहरणार्थ: ‘पहिल्या डाऊनवर निम्म्याहून जास्त धावा 5 यार्डांपुढे गेल्या तर हा ऑफेन्स 25 गुणांपर्यंत पोचेल; नाही गेल्या तर समोरचे चार लाइनमन त्याला थोपवतील.’ असा दावा वाचकाला सामना सुरू असताना तपासता येतो. मग तक्त्यातले दोनच आकडे द्या आणि प्रत्येकाशेजारी तो किती प्लेवरून काढला ते लिहा. 14 प्लेवरून काढलेली टक्केवारी आणि 140 वरून काढलेली टक्केवारी वाचकाला सारखी दिसता कामा नये. त्यानंतर एक जोडी निवडा, रुंद बाजूचा आतला रिसीव्हर आणि समोरचा हाफबॅक अशी, आणि ती नीट समजावून सांगा. पाच जोड्यांवर दोन-दोन ओळी लिहिल्या की एकही लक्षात राहत नाही.

सरावाचे अहवाल आठवडाभर येतात: पूर्ण सराव, मर्यादित सराव, सराव नाही. बुधवारी मर्यादित असलेला खेळाडू शुक्रवारी पूर्ण झाला तर तो खेळतो असं धरा. उलट दिशेने गेला तर त्याच्याशिवायचा तक्ता तयार ठेवा. गेली काही वर्षं सामना टोरंटोच्या वेळेनुसार रविवारी संध्याकाळी 6 ला सुरू होत आला आहे, म्हणजे भारतात सोमवारी पहाटे साडेचारला. भारतातून लिहिणाऱ्याने मजकूर रविवारी दुपारी पूर्ण करावा, पण क्वार्टरबॅक आणि ऑफेन्सिव्ह लाइनवरची दोन वाक्यं मोकळी ठेवावीत आणि अंतिम खेळाडूंची यादी हाती आल्यावरच ती भरावीत.